लुपेची फाटकी चटई

मित्रांनो, पोटाशी दोन बहिणींना धरून जगणारा मी एक जुना रंगीत फोटो आहे. प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, वावाऊ बेटावर एका मयताच्या दिवशी माझा जन्म झाला. सेइनी आणि धाकटी लुपे बापाला माती देऊन नुकत्याच परतल्या होत्या, कमरेला तिथल्या रीतीप्रमाणे चटया गुंडाळलेल्या. मागे समुद्र होता. तो इतका निळा होता की अजूनही झोपेत मला तोच दिसतो.

पुढच्याच वर्षी लुपे गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून भिंतीवर माझा मोठा मान होता. पण आधी उन्हाने माझा निळा नेला, मग वादळाचं खारं पाणी काचेत शिरलं. तांबूस, डागाळलेला मी पेटीच्या तळाशी पडून राहिलो. फार एकटं वाटायचं.

यंदा लुपेच्या थडग्यावर तिचं मोठं चित्र लावायचं ठरलं. सेइनीआजीची नजर अधू होत चालली होती. ती पुरती जाण्याआधी तिला बहिणीला डोळे भरून पाहायचं होतं. ऑकलंडहून आलेल्या नातीने, वीकाने, मला संगणकात घेतलं. तिथे मला फोटो दुरुस्त करणारं गणित भेटलं. भारी मायाळू. प्रत्येक उजाड ठिपक्यापाशी थांबून ते शेजारच्या ठिपक्यांकडे थोडाथोडा रंग मागायचं. वीकाने समुद्रावर निळ्याचं एकच बोट लावलं. तो निळा हळूहळू झिरपत गेला आणि वाळूची कड येताच आपसूक थांबला. मी स्वप्नातच होतो. मग वीकाने भोकं, ओरखडे दाखवले, तेही गणिताने बुजवले.

आजीने पडद्याला नाक लावलं.

"ही कोण गं?"

"लुपेआजीच की."

"हट्. बापाच्या मयताला कमरेला कोरी चटई गुंडाळून मिरवणारी माझी बहीण नव्हे."

"अगं, ती फाटली होती. मी नीट केली."

"पोरी, ती फाटकीच नेसायची असते. बापापुढे आम्ही लेकरं सगळ्यांत खालची. जेवढी लक्तरं, तेवढा बापाचा मान. ऑकलंडला काय दुःखाला इस्त्री करतात?"

वीका ओशाळली. चटईची भोकं तिने गणिताकडून परत मागून घेतली. आजीने सांगितला तसा धुरकट तपकिरी रंग तेवढा भरला. आजीने पडद्यावरची एकेक चिंधी बोटाने चाचपली.

"आता आली बघ माझी लुपे," ती म्हणाली आणि रडू लागली.

मित्रांनो, आम्हा फोटोंना उन्हापाण्यापासून जपा. आणि दुरुस्त करायला घ्याल तेव्हा, गणित शेजारच्या ठिपक्याला विचारतं तसं तुम्ही शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. थडग्यावर लुपे आता उभी आहे. मागे तोच निळा समुद्र आहे आणि कमरेला बापासाठी नेसलेली फाटकी चटई.