तोंड कुणकेश्वराकडे

१९८८ साली कणकवलीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि मी नुसती वेडी झाले. बाबांचं एकच पालुपद, "आधी माका दाखव." पस्तीस वर्षं मालवणात भूगोल शिकवलेला माणूस, न पटलेल्या गोष्टीला हो म्हणणं रक्तातच नाही.

म्हणून त्यांना घेऊन गेले. क्लासच्या हरिश्चंद्र सरांना वाटलं, तक्ते दाखवले तर म्हातारा जांभया देईल. त्यांनी शिडाच्या जहाजांच्या लढाईचा खेळ लावला. आमचं जहाज एक, शत्रूची तीन, कोपऱ्यात वाऱ्याचा बाण. बाबांनी चष्मा पुसला.

"नीरजा, जिंकलंस तर क्लास. हरलंस तर परत नाव काढू नको."

झालं. मी कळांवर बोटं ठेवली.

वारा उत्तरेचा. तो पाठीशी घेऊन शत्रू वरून सुसाट येत होता. मी दक्षिणेला पळणार, तोच बाबा म्हणाले, "आधी कुणकेश्वराक नमस्कार कर."

त्यांच्या आजोळच्या गलबतावर रीतच होती. मालवणातून निघताना आधी तोंड उत्तरेला, कुणकेश्वराच्या देवळाकडे, मग बाकीचं जग.

"बाबा, हयसर कुणकेश्वर खंय आसा?"

"नकाशात वर उत्तर. ता पण आता शिकवू?"

संताप असा आला की काय सांगू. पण फिरवलं. वाऱ्यात तोंड घातल्यावर शिडं लुळी पडली, जहाज जागच्या जागी उभं. सरांनी कपाळाला हात लावला. माझा क्लास बुडालाच.

पण शत्रूने नेम धरला होता तो आम्ही पळू त्या जागेवर. गोळे पडले मागच्या रिकाम्या पाण्यात, आणि तिन्ही जहाजं आम्हाला ओलांडून खाली गेली. आता त्यांची पाठ आमच्याकडे, तोफा फक्त कुशींना, पाठीला नाहीत, आणि परत यायचं तर वारा तोंडावर.

"जहाज आडवा घाल," बाबा हळूच म्हणाले. "आता फोड."

एक बुडालं. दुसरं बुडालं. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. बाबा धोतर सावरत खुर्चीवरून उठलेले, पडद्यावर बोट रोखून तिसऱ्याला सांगत होते, "नमस्कार इसारलास मा? भोग आता."

तेही बुडालं.

मी टेबलाभोवती गिरकी घेतली. बाबा घाम पुसत सरांकडे वळले आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "प्रवेशाचे दोन अर्ज द्या."

"दोन कशाला, बाबा?"

"एक तुका," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून दुसऱ्यावर स्वतःचं नाव लिहायला लागले.