खडकावरचा ढीग

मी एक जुना पाण्याचा पाइप आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, कारण माझं सगळं आयुष्य जमिनीखाली गेलं. फिनलंडच्या उत्तरेला एका टेकडीच्या कुशीत झरा आहे. तिथून निघून मी उतारावरून खाली येतो, अंगणाखालून जातो आणि सायमीच्या स्वयंपाकघरात मोरीपाशी डोकं वर काढतो. तिथे मला नळ बसवला आहे. मला दिसत काही नाही, पण त्या नळातून घरातलं सगळं ऐकू येतं.

मला पुरलं सायमीच्या नवऱ्याने, तावेत्तीने. आमच्याकडची थंडी जमिनीत खोलवर उतरते, म्हणून त्याने माणूस उभा राहील एवढा चर खणला. पण घराच्या पायऱ्यांसमोर खडक लागला. पहार वाकली, तरी तो हलेना. शेवटी तेवढ्या भागात मला खडकावरूनच जावं लागलं, वर जेमतेम हातभर माती. तावेत्ती मला म्हणाला, "घाबरू नकोस. तुला पांघरूण घालतो."

ते पांघरूण म्हणजे बर्फ. भुसभुशीत बर्फाचा जाड थर असला की खालची जमीन गोधडीत असल्यासारखी राहते. पण तो तुडवला की दबतो आणि त्याची ऊब जाते. म्हणून दर हिवाळ्यात तावेत्ती खडकाच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवायचा, मध्ये बर्फाचा ढीग रचायचा आणि कोणाला त्यावर पाऊल ठेवू द्यायचा नाही.

"सॉनाला जायचं तरी वळसा, मेंढ्यांकडे जायचं तरी वळसा," सायमी कुरकुरायची. "जगातली माणसं दारासमोरून येतात रे."

"येऊ देत की. ढीग सोडून कुठूनही येऊ देत."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. तू गेलास ना, की पहिला तो ढीग उचलते बघ."

"उचल. मग कॉफी कशाची करतेस तेही सांग."

असं चाळीस वर्षं चाललं. या काळात मी एकदाही गोठलो नाही. कॉफी, सॉनातली वाफेची अंघोळ, मेंढ्यांचं पाणी, सगळं मी पुरवलं आणि मला त्याचा अभिमान होता. पण कधीच न अडलेल्या गोष्टीची काळजी कोण करतो? हळूहळू सायमीला तो ढीग म्हणजे नवऱ्याचा एक हट्ट वाटू लागला.

मग एका जानेवारीत तावेत्ती मेंढ्यांना चारा घालता घालता कोसळला. दफनानंतर लोक घरी कॉफीला येणार होते. गाड्या कुठे लावणार? त्याचा पुतण्या योउनी सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने मायेने सगळं अंगण साफ केलं, अगदी मातीपर्यंत. लोखंडी पातं माझ्या डोक्यावरून खरवडत गेलं.

खिडकीपाशी सायमीची पावलं थांबली. ती हळूच म्हणाली, "असू दे. आज तरी माणसं समोरून येऊ देत."

माणसं समोरून आली. कॉफी पिऊन म्हणाली, या झऱ्याच्या पाण्याला चव आहे हं. ती माझी शेवटची स्तुती. त्यानंतर आकाश निरभ्र झालं आणि बर्फ पडायचाच थांबला. थंडी उघड्या मातीतून खाली उतरत राहिली. मी खूप झगडलो, पण खडकावर माझ्या पोटातलं पाणी थबकलं आणि दगड झालं. सकाळी सायमीने नळ सोडला. तो नुसता खोकला.

योउनीने मोरीकडून माझ्यात बारीक रबरी नळी सारली आणि गरम पाणी सोडलं. पण खडकापाशी मी वळतो, तिथे ती अडकली. मग त्याने पहार मारली. गोठलेली माती खणखणली.

"काकू, इथे पाइप एवढा वर आहे, हे मला सांगायचं तरी होतंस."

"तुझं काही चुकलं नाही रे. मला वाटलं, त्याचा हट्टच होता." मग ती रडली. तावेत्ती गेल्यापासून मी तिला रडताना पहिल्यांदाच ऐकलं.

योउनी रोज दुधाच्या कॅनमधून पाणी आणायचा. मेंढ्या ते तासाभरात संपवायच्या. सायमी चुलीवर बर्फ वितळवायची. बादलीभर बर्फाचं भांडंभर पाणी होई, आणि एवढ्याने मेंढ्या जगत नाहीत. फेब्रुवारीत त्या विकाव्या लागल्या, आणि त्यांना न्यायला ट्रक आला. त्या दिवशी सायमी जेवली नाही.

"काकू, तू गावातल्या खोलीत राहायला चल. उन्हाळ्यात परत ये," योउनी म्हणाला.

"परत कशाला? कोणाला चारा घालायला?"

तिने सामान बांधलं. जाताना नळ मात्र उघडा ठेवला. आमच्याकडे पाइप गोठला की नळ उघडाच ठेवतात, म्हणजे पाणी आलं की घरातल्यांना आवाज येतो.

मे महिना संपता संपता खडक तापला आणि पाणी आलं. रिकाम्या घरात ते मोरीत पडत राहिलं. किती दिवस, कोण जाणे. मी मनात म्हणत होतो, सायमी, ऐक ना. शेवटी बंद घराच्या खिडक्या धड आहेत ना ते बघायला आलेल्या योउनीने ते ऐकलं आणि तिला फोन लावून नळाजवळ धरला.

"काकू, पाणी आलं."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंद कर बाबा. वाया जातंय."

त्याने नळ बंद केला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एखाद्या गोष्टीला हात लावू देत नसेल, तर हसा हवं तर, पण का ते विचारून ठेवा. ते माणूस असेपर्यंतच विचारता येतं. सायमीला आता विचारायला तावेत्ती नाही, आणि मलाही हे सांगून काही मिळायचं नाही.

आता पुन्हा हिवाळा लागला आहे. अंगणात कोणी चालत नाही, कोणी ट्रॅक्टर आणत नाही. खडकावर बर्फ छान भुसभुशीत साठला आहे. यंदा मी गोठणार नाही.