कुंकू लावलेली डिस्क

गुरुदास श्रावणात गेले. त्या दसऱ्याला सत्यवतीने कोयता, कुदळ, आंबे काढायचा झेला, सगळं पाटावर मांडून पुजलं आणि शेवटी ती डिस्कही ठेवली. तिच्यात नवऱ्याचा आवाज होता, मग ती कोयत्यापेक्षा कमी कशी? हळदकुंकवाची बोटं तिने नेमकी चकाकत्या बाजूवर ओढली.

डिस्क पुतण्याने, दत्तप्रसादने दिलेली. हापूसची पहिली पेटी मुंबईला निघायच्या आधी बागेत राखणदार देवाला नारळ द्यायचा आणि कर्त्याने त्याच्याकडे मागणं मागत गाऱ्हाणं घालायचं, ही त्यांच्या जामसंड्याच्या घरातली रीत. मागल्या साली दत्तप्रसादने त्याचं शूटिंग केलं, देवगडला आपल्या मशीनवर डिस्क भरली आणि आणून दिली. ती कपाटातच पडली. माणूस समोर ओटीवर खोकत बसलेला असताना त्याची फिल्म कोण बघतो?

दिवाळीनंतर लावली, तर प्लेअर नुसता घरघरला. सून संचिताने टीव्हीवरची अक्षरं वाचून सांगितलं, डिस्क वाचता येत नाही. सत्यवतीला कुंकवाची बोटं आठवली. संचिता आत गेल्यावर तिने डिस्क पदराने पुसली. डाग फिका झाला, गेला नाही. कुंकवाचं तिने कोणाला सांगितलं नाही. उलट तुळशीच्या लग्नाला दत्तप्रसाद आला, तेव्हा चार माणसांत त्याला धरलं.

"चुलत्याचो आवाज दिलंय म्हणतंस, आणि आत वारोसुद्धा नाय."

बोलता बोलता आपलं पाप त्याच्या गळ्यात बांधतोय, हे तिचं तिला कळत होतं. दत्तप्रसाद चहा अर्धा टाकून उठला. त्यानंतर त्याने उंबरा शिवला नाही.

मुलाने, ओंकारने, मुंबईहून दुसरा प्लेअर आणला. त्याच्यावरही ती लागली नाही. इकडे सत्यवतीला भलतंच व्हायला लागलं. नवऱ्याशी झालेली भांडणं शब्दन् शब्द आठवत, पण ते शब्द ज्या आवाजात होते तो आवाज काही केल्या कानात येईना.

मोहोर धरला तशी ती रुमालात डिस्क गुंडाळून बाबलीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्याने मऊ कपड्याने डाग साफ काढला. तरी डिस्क लागेना. तेव्हा तिने कुंकवाचं पहिल्यांदा कबूल केलं. बाबली हसला. कुंकवाचा दोष नव्हे, म्हणाला. ही पुसून परत भरायची डिस्क, पुष्कळ घरगुती प्लेअर हिला ओळखतच नाहीत. शिवाय दुसरीकडे चालावी म्हणून भरून झाल्यावर मशीनवरच ती बंद करावी लागते, ते राहून गेलंय. आता जिच्यावर भरली त्या मशीनवरच लागेल.

देवगडपर्यंत रिक्षात तिने वाक्य घोळवलं. डिस्क बंद करायची अक्कल नव्हती तर भरलीस कशाला, असं काहीतरी. दारात दत्तप्रसाद उभा राहिला.

"काकी? तू इलंस?"

घोळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. ओंकारला यंदा गाऱ्हाण्याचे शब्द शिकायचेत, म्हणून आले, असं तिने सांगितलं. मग चपला न काढता तिथेच थांबली.

"तेच्यार कुकू माझ्या हातान लागला. तुका उगाच बोललंय."

त्याने डिस्क हातातून घेतली. "बस गो. मशीन आसा."

माळ्यावरचं मशीन खाली आलं, धूळ झटकली गेली. डिस्क आत गेली आणि टीव्हीवर बाग उघडली. पंचा नेसलेले गुरुदास, हातात नारळ. ओठ हलत होते, पण ऐकू येत होती एक बाई. शेंडी देवाकडे करा, जरा सरळ उभे राहा, पेट्या उन्हात आहेत, आटपा. कॅमेऱ्याला खेटून उभी होती ती. खाली कुठेतरी "बा राखणदारा" एवढंच निसटतं आलं.

"गप ऱ्हव गो मेल्ये," सत्यवती टीव्हीतल्या स्वतःला म्हणाली.

टीव्हीत गुरुदासांनी मान वळवून बाईकडे पाहिलं, नेहमीसारखं, आणि ती पेट्यांकडे निघून जाईपर्यंत थांबले. मग त्यांचा आवाज आला, जाडसर, किंचित खोकल्याचा. "जो काय नारळ ठेवलो तो मान्य करून घे, आणि पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा."

गडीमाणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाली. त्यांत तिचा आवाज नव्हता. तो लांबून, पेट्यांवर गोणपाट घाला म्हणून ओरडत होता.

सत्यवतीने पदर सारखा केला, हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग दत्तप्रसादकडे न बघता, "परत लाव."