मक्त्याने दिलेली चाल

मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. मित्रांनो, मला हसू नका. माझे तोंड चेपले आहे, कड गंजली आहे आणि घशात कुंभारीण माशीने बांधलेल्या मातीच्या घराचा डाग अजून गेलेला नाही. भोंगा म्हणजे मोठा धीट असणार असे तुम्हांला वाटेल. तसे मुळीच नाही. दुसऱ्याचा आवाज मोठा करतो, एवढाच माझा मोठेपणा. स्वतः मी जन्माचा भित्रा आहे.

भिऊ नको तर काय करू? माझा जन्मच कात्रीखाली झाला. अकोल्याच्या जुन्या शहरात सहदेव नावाचा पत्र्याचा कारागीर होता. त्याने घासलेटचा रिकामा डबा उभा चिरला, ठोकून ठोकून गोल केला आणि सांध्याला कथलाचा डाग दिला. ते दिवस इंग्रजी अमलाचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि बोलपटांचे नवल अजून ओसरले नव्हते.

मला तानुबाईने नेले. मोर्णेच्या काठी नवऱ्यासोबत मळा करणारी ती माळीण. उन्हाळ्यात काकडीची पाटी डोक्यावर घेऊन ती गल्ल्यांतून हिंडे आणि माझ्यातून गाई:

मोर्नेच्या काठची काकडी कवळी,
ऊन चढलं वं बाई, घ्या मले जवळी.

शब्द तिचे आणि चालही तिचीच. दुसऱ्या ओळीत ती आवाज असा खाली सोडी की, झोपलेली बाईसुद्धा दार उघडी. काकडी नाशवंत. सकाळची दुपारी खपली नाही तर संध्याकाळी म्हशीपुढे. तिचा सारा धंदा त्या चालीवर होता, आणि मला ती रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवी.

एका उन्हाळ्यात एक परका माणूस आमच्या मागे मागे येऊ लागला. तानुबाईची पाचावर धारण बसली. शेवटी त्याने हात जोडून विचारले की, ही चाल कोणाची? चोरी पकडल्यासारखी ती म्हणाली, “माहीच हाये जी. काहून?”

ते उत्तमराव मास्तर. पुण्याकडच्या चित्रपट कंपनीत ते गाण्यांना चाली लावत. त्यांना ही चाल एका बोलपटासाठी हवी होती. दुसरा एखादा ऐकून घेऊन चालता झाला असता. मास्तरांनी घरी येऊन रीतसर परवानगी मागितली, कागद वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि मोबदला दिला. त्यातून मळ्याच्या विहिरीला मोटेचा नवा दोर आला.

पण त्या रात्री तानुबाईचे यजमान महादेवराव जेवताजेवता थबकले. त्यांनी जन्मभर शेतीचाच व्यवहार पाहिला होता. वावर मक्त्याने कसायला दिले की वर्षभर ते दुसऱ्याचे. धन्यानेही त्यातला हरभऱ्याचा घाटा तोडायचा नाही. तोडला तर चोर. “चाल देल्ली तू मक्त्यानं,” ते म्हणाले. “आता म्हनशीन कशी?”

तानुबाईने जेवण अर्धे टाकून ताट उचलले. मास्तरांनी वाचलेले पुस्तकी मराठी तिला अर्धेच कळले होते, आणि उरलेले अर्धे भीतीने भरून काढले. मास्तर तर पुण्याला निघून गेले होते. उरलेला उन्हाळा ती दबक्या आवाजात गायली. वळणावर आधी डोकावून पाही, मग मला तोंडाला लावी.

पुढच्या उन्हाळ्यात तंबूचा सिनेमा अकोल्याला आला आणि त्यात तानुबाईची चाल आली. आठवड्याभरात टांगेवालाही ती गुणगुणू लागला. तिला आनंद व्हावा, तर घडले उलटेच. आम्ही बाजाराच्या तोंडाशी गात उभे असताना एका पोलीस शिपायाने पाटीतली काकडी उचलली.

“काहून वं बाई,” तो म्हणाला, “सिनेमातलं गानं म्हनून काकड्या विकून राहिली? परवाना हाय का?”

लोक हसले. शिपाई काकडी खात पुढे गेला. तानुबाईच्या तोंडचे पाणी पळाले. तिने मला पदराखाली लपवले आणि भरली पाटी घेऊन घरी आली. माझ्या तोंडात चिंधी कोंबून तिने मला गोठ्याच्या खुंटीला टांगले.

मित्रांनो, तो काळ आठवला की, माझा पत्रा आजही थरथरतो. तानुबाई मुक्याने गल्लीतून फिरे आणि अर्धी पाटी परत आणी. म्हैस काकड्या खाऊन कंटाळली. बाहेर कुणाच्या वहाणा वाजल्या की, तानुबाई दाराआड होई. चिंधी गळून पडली आणि माझ्या घशात माशीने घर केले, तरी कुणी पाहिले नाही. आता आपल्याला भंगारात घालणार, या धास्तीने मी लटकत होतो.

एके दिवशी सासूबाई पार्बताबाई बातमी घेऊन आल्या. तंबूत मास्तर आले होते. तानुबाईने मला पदरात गुंडाळले आणि जीव मुठीत धरून निघाली. मला वाटले, सुटलो. तंबूत पोचल्यावर तिने मला मास्तरांच्या पायांशी ठेवले.

“हा भोंगा ठेवून घ्या जी,” ती म्हणाली. “मंग कोनी म्हननार नाही का मी लपून म्हनते. आन् माही चाल मले चार महिने मक्त्यानं द्या. पानी पडलं का वापस करीन.”

मास्तरांना आधी काहीच कळेना. मग तिने मक्त्याचे आणि शिपायाचे सगळे सांगितले, तेव्हा ते तिच्यासमोर खालीच बसले.

“तानुबाई, शेजारीण विरजण घेऊन गेली तर तुमचं दही संपतं का?”

“काहून संपन जी?”

“मग चाल कशी संपेल? मी बोलपटापुरतं विरजण नेलं. दही तुमच्याच घरी आहे. हे मी तेव्हाच अशा शब्दांत सांगायला हवं होतं.”

त्यांनी मला उचलले, काडीने घशातली माती काढली आणि तिच्या हाती दिले. तिने तिथेच गाऊन पाहिले. आवाज फुटला नाही. गप्प राहून गळा बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बाजाराच्या तोंडाशी उभे राहिलो. समोर तोच शिपाई. तानुबाईने पाटी खाली ठेवली आणि मला तोंडाला लावले. तिने पहिली ओळ म्हटली. शिपाई वळला आणि सरळ आमच्याकडे आला. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही.

शिपायाने काकडी उचलली. “इतके दिवस कुठं होती वं बाई?” तो म्हणाला. “घरची रोज पुसे, काकडीवाली काहून येत नाही म्हनून.”

त्याला काहीच आठवत नव्हते.

मित्रांनो, एवढेच सांगणे. मला पुसून खुंटीवर उलटा टांगा, म्हणजे माशी घर करणार नाही. कुणाची चाल घ्याल तर विचारून घ्या आणि त्याला कळेल अशा बोलीत सांगून घ्या. आणि तुमच्या गल्लीत एखादी भाजीवाली गात आली, तर थट्टेनेही परवाना विचारू नका. काकडीचा भाव विचारा.