वीज गेल्यावर लागणारा ब्रेक

वीज गेली की लिफ्टचा ब्रेक लागतो. लोकांना उलटं वाटतं. ब्रेक मुळात घट्टच असतो. वीज असेपर्यंत तेवढा उघडा धरता येतो.

"अहो, बंद करा ते आधी. हात पिठात आहेत माझे."

टॅबच्या पडद्यावर एक गोल फिरतो. फिरतच राहतो.

"आजी, आ करा. एकच. बघा, मीपण करते."

शेजारच्या शिंपीकाकांनी निघताना मेन स्विच पाडला. माणूस दवाखान्यात, घर बंद. उगाच काही जळायला नको.

हे सगळं एकाच घराभोवतीचं.

घर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं. निवृत्त झाला तरी बिल्डिंगला तो लिफ्टवालाच. बायकोला काही आठवेनासं झालं, गॅस चालू ठेवून ती रस्त्यावर निघून जायला लागली, तेव्हा तिला अशा माणसांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवावं लागलं. तिथं ती जेवेना. त्याच्या हातूनही नाही. कोण हा परका माणूस, तोंडाशी हात आणतो, अशा नजरेनं बघायची.

मग त्यानं माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी काढल्या. तरुणपणी कॅमेऱ्याचं वेड होतं, बायकोला छळायला तेवढं पुरे होतं. एकेक कॅसेट संगणकात उतरवली. तो संगणक स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. त्याला तो डबा म्हणे. डब्यातलं चित्र केंद्रातल्या टॅबवर दिसावं म्हणून घरच्या राउटरमध्ये इंटरनेटवरून आत यायला एक दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्या दाराशी कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी पाहिल्या आणि मुलीला फोन लावला.

"अगं, कोण कोण दार ठोठावतंय! कुठल्या कुठल्या देशांतले."

"माणसं नसतात हो बाबा ती. मशीन असतात. सगळ्यांचीच दारं ठोठावतात."

"ठोठावू देत. तुझ्या आईला बघायला मी तिकिटं लावलेली नाहीत."

"मग एखाद्या कंपनीकडे ठेवा ना सगळं."

"चोराच्या भीतीनं सामान शेजाऱ्याकडे? वा!"

त्यानं ते दार बुजवलं. डबा, केंद्रातला टॅब आणि मुलीचा फोन यांच्यात एक बंद बोगदा केला. चौथ्याला आत शिरता येणार नाही असा. पण तोंड दुधानं पोळलं होतं. उद्या कुणी डबाच उचलून नेला तर? म्हणून डिस्कलाही कुलूप घातलं. डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला, की समोर उभं राहून एक वाक्य टाईप करायचं. तोवर आतलं काहीही उघडणार नाही. दुसरी प्रत होती, तिलाही तेच वाक्य.

"बंद पडलं की बंदच राहिलं पाहिजे," तो मुलीला म्हणाला. "सुरक्षित म्हणतात ते यालाच."

"आणि ते वाक्य मला कळणार का?"

"फोनवर नाही, कागदावर नाही. आलीस की कानात सांगीन."

"मंत्र आहे वाटतं!"

ती आली, राहून गेली. दोघंही विसरले.

केंद्रात जेवणाच्या वेळी एकच चित्र लागायचं. ओट्याशी बायको, हात पिठात, त्याला दटावतेय. कॅमेऱ्यामागून त्याचा तरुण आवाज: "सकाळपासून उभी आहेस. घे, एक घास." चौकटीत त्याचा हात येई. ती बोलता बोलता आ करी. इकडे केंद्रात तीच, आता सगळ्यांची आजी, टॅबकडे बघत आ करी. भरवणाऱ्या मावशी चमचा तयारच ठेवत.

"बाई चांगली आहे," आजी घास चावत म्हणे, "पण नवऱ्याला डोक्यावर चढवून ठेवलंय."

"तर काय!" मावशी म्हणत.

नवरा शेजारीच बसलेला असे. तोही मान डोलावी.

तो पडला स्वयंपाकघरात, फळीखालीच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आवाज ऐकून शिंपीकाका धावले, गाडी बोलावली.

मुलगी आली. मेन स्विच वर केला, डब्याचा पंखा घुमला. टीव्हीला जोडलं. काळ्या पडद्यावर वाक्य विचारणारी एक ओळ, पुढं लुकलुकणारी कांडी. तिनं आईचं नाव घातलं, आपलं घातलं, त्याच्या सगळ्या म्हणी घातल्या. चूक. चूक.

कीबोर्ड घेऊन ती दवाखान्यात गेली. त्याच्या डाव्या हाताखाली ठेवला.

"बाबा, एकेक अक्षर. घाई नाही."

त्यानं एक कळ दाबली. पुन्हा तीच. पुन्हा तीच. अडकलेल्या लिफ्टमधला माणूस एकच बटण दाबत राहतो, तसा.

"बरं, राहू द्या. मी विचारते, तुम्ही मान हलवा. आईबद्दल काही आहे?"

त्यानं मान हलवली.

"माझ्याबद्दल? लिफ्टचं काही?"

त्यानं प्रत्येक वेळी तशीच मान हलवली.

शिंपीकाका दारातच उभे होते. "पोरी, माझ्या हातानं झालं गं."

"नाही हो काका. तुमच्या जागी बाबा असते तर त्यांनीपण स्विच पाडूनच घर बंद केलं असतं."

तेवढ्यात मावशींचा फोन आला. कीबोर्ड एका हातात होता, म्हणून तिनं फोन गादीवर ठेवून स्पीकर लावला.

"ताई, नुसता गोल फिरतोय. आजी टॅबकडे बघून आ करतात, वाट बघतात, आणि मिटून घेतात. मध्ये चमचा नेला की हात मारतात. डॉक्टर नळी घालू म्हणतायत."

मुलीनं चटकन फोन उचलला. पण त्यानं ऐकलं होतं.

संध्याकाळी त्याचं ताट आलं. नर्स म्हणाली, "गिळता येतंय त्यांना, आम्ही तपासलंय. कालपर्यंत घेत होते की."

मुलीनं चमचा पुढं केला. "बाबा, एक घास."

त्यानं ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नोकरीत असताना, लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर ते माणूस बाहेर येईपर्यंत तो जेवत नसे.