चढावरचा आवाज

"आता उभं राहून मारा पायडल. बसू नका," राजाबाई म्हणाली आणि पदर कमरेला खोचून सायकलीच्या बाजूनं पळू लागली.

मुकुंदवाडी स्टेशनाकडून वर येणारा रस्ता फार मोठा नाही, पण चढ चांगला दमवणारा आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता त्या चढावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई काळ्या, चकचकीत रोड बाईकचं हँडल धरून पळते आहे आणि अंगाला चिकटलेल्या कपड्यातला एक शिकलासवरलेला माणूस ओशाळून पायडल मारतो आहे, हे बघायला भाजीवाल्यासकट सगळे थांबले होते.

"आवाज आला?" सुदर्शननं विचारलं.

"आला. पण कुठून त्ये कळंना. परत एकदा खालून."

चौथ्या फेरीला तिला धाप लागली. ती रस्त्याकडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पण डोळे मिटून अजून कान लावूनच होती.

तो आवाज सुदर्शनच्या मागे दीड महिना लागला होता. सपाटीवर काही नाही. चढ लागला, की टक्. थांबून बघावं तर गप्प. शहरातल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी पायडलं बदलली, चेन बदलली, मधलं बेअरिंग नवं टाकलं. दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी चौक्याच्या घाटात पुन्हा टक्. रात्री झोपेतसुद्धा ऐकू येतो, असं तो बायकोला म्हणाला होता. उद्या रविवारी त्याची तीनशे किलोमीटरची राईड होती. फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याच्या पुढे आणि परत. वर्षभर शेंद्र्याच्या कंपनीतली ड्युटी सांभाळून पहाटे उठून त्यानं तयारी केली होती. राईडच्या गटातलं कुणीतरी म्हणालं, "मुकुंदवाडीत एक राजाबाई आहे. गिअरमधलं तिला काही कळत नाही, पण कान देवाचे आहेत."

राजाबाईचे कान मेंढरांनी घडवले होते. फुलंब्रीच्या पलीकडे तिच्या बापाचा वाडा असायचा, म्हणजे काट्याचं कुंपण आणि आत दीडशे मेंढरं. खोकल्यावरून कुठली मेंढी आजारी पडणार हे ती दहाव्या वर्षी सांगायची. लग्न झालं धोंडिबाशी. त्यानं मेंढरं सोडून शहरात सायकलचं दुकान टाकलं होतं. तो चाकाचे आरे ओढायचा, ती चाक फिरवायची. "कुठं घासायलंय गं?" असं तो विचारायचा आणि ती बोट ठेवायची. तीन वर्षांपूर्वी धोंडिबा गेला. तेराव्यानंतर तिनं शटर उघडलं, ते आजतागायत.

दुकानात आल्यावर तिनं सायकल सुदर्शनला धरायला लावली. पुढचं चाक स्वतःच्या गुडघ्यात पकडलं आणि हँडल दोन्ही हातांनी डावीकडे पिळलं, मग उजवीकडे.

टक्.

"पायडलला हात नाय, चेन हलली नाय. तरी वाजलं," ती म्हणाली. "हितं हाय आवाज. पुढं."

"मावशी, पण मला तर पायाखालून येतो."

"पोकळ नळ्या हायेत दादा. आडात तोंड घालून बोललं की आवाज कुठून आला कळतं व्हय? तसंच हाय."

तिनं हँडलचे बोल्ट ढिले केले आणि चाक धरणारा पुढचा चिमटा चाकासकट खाली ओढला. फ्रेमच्या आत लपलेली चिमट्याची काळी कार्बनची नळी बाहेर आली. राजाबाईनं ती लुगड्याच्या चिंधीनं पुसली आणि आरे आवळायच्या चावीनं खालून वर हलकेच ठोकत गेली. टण्, टण्, टण्. हँडल जिथं आवळलं जातं त्याच्या दोन बोटं खाली आवाज बदलला. बद्द.

"ऐकलं?"

"फारसं नाही."

"माठ घेताना आपण बोटानं वाजवतो ना? चिरलेला माठ असा वाजतो. ही नळी चिरलीय. उतारावर तुटली तर हँडल तुमच्या हातात राहील आन् चाक पुढं जाईल."

सुदर्शननं मोबाईलचा दिवा लावला. केसाएवढी एक रेघ दिसत होती. दिसत होती असं म्हणावं तर दिसत होती. त्यानं फोटो काढून मोठ्या दुकानात पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. वरच्या लेपाची रेघ आहे, अशा असतात, राईड करा, नंतर बघू. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्याला हेच ऐकायचं होतं.

"लावून द्या मावशी."

राजाबाईनं चावी खाली ठेवली. "मी नाय जोडायची."

"अहो, ते लोक रोज कार्बनचं काम करतात. तुम्ही चालवलीय का कधी अशी सायकल?"

"कुठलीच नाय चालवली," ती शांतपणे म्हणाली.

त्यानं तिच्याच अवजारांनी चिमटा परत बसवला, बोल्ट आवळले, "येतो" म्हणाला आणि निघून गेला. राजाबाई फळीवर बसली. समोरच्या माणसाला सांगितलं, आपलं काम झालं, असं तिनं दोनदा मनाशी म्हटलं.

दुपारी तिनं डबा उघडला आणि भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच ठेवला.

धोंडिबाच्या छातीतली शीळ तिनं तो जायच्या दोन वर्षं आधीच ऐकली होती. बारीक, श्वास सोडताना शेवटाला येणारी. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती. तिनं एका सकाळी चूल फुंकता फुंकता सांगितलं होतं, "तुमच्या छातीत काहीतरी वाजायलंय. दवाखान्यात दाखवा." तो हसला होता. "सायकलीची सवय लागली तुला. धूळ असती दुकानात, दुसरं काय?" आणि ती गप्प बसली. रोज रात्री शेजारी पडून ती शीळ ऐकायची आणि गप्प बसायची. पुढं घाटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि एवढंच विचारलं, "आधी का नाही आणलं?" धोंडिबा तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तिनं डबा झाकला आणि येण्याआधी त्यानं केलेल्या फोनवरून नंबर काढून सुदर्शनला फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

सकाळी बोलता बोलता त्यानं सांगितलं होतं, गारखेड्यात पाण्याच्या टाकीमागं राहतो म्हणून. चार वाजता राजाबाईनं शटर ओढलं.

टाकीमागच्या तिसऱ्या घरी तिला सायकल दिसली. हॉलमध्ये भिंतीला टेकवलेली, पाण्याच्या बाटल्या लावलेली, मागचा लाल दिवा बसवलेली. दार उघडणारी मुलगी म्हणाली, "कोण हवंय?" ती सुदर्शनची बायको, मोनिका. आत खाली सतरंजीवर त्याची आई लक्ष्मीबाई मेथी निवडत होत्या.

"सायकलवाली हाये मी. दादांना भेटायचंय."

सुदर्शन आतून आला आणि तिला बघून थबकला. "मावशी, सकाळी झालं ना आपलं बोलणं?"

"झालं. पण मी एकदाच सांगितलं."

"म्हणजे?"

"एकदा सांगून गप बसू नये, म्हणून आले. उद्या जाऊ नका तिच्यावर. दुसरी घ्या कुणाची, नायतर जाऊच नका."

"वर्षभर थांबलोय मी या राईडसाठी," त्याचा आवाज चढला. "दुकानवाले चांगलं आहे म्हणतात, आणि तुम्ही घरी येऊन..."

"सुदर्शन," लक्ष्मीबाईंनी मेथीतून मान वर केली. "पाणी तर विचार त्यांना. काय झालंय बाई?"

राजाबाईनं सांगितलं. नळीचं सांगितलं, माठाचं सांगितलं. मोनिका नवऱ्याकडे बघू लागली. यातलं त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"काढून दाखव," ती म्हणाली.

"मोनिका, आता परत..."

"पाच मिनिटं लागतात तुला. रोज उघडतोस आणि जोडतोस. काढ."

त्यानं पाना आणला. बोल्ट जरा जोरातच फिरवले. चिमटा बाहेर आला तसा त्यानं तो सतरंजीवर आईच्या पुढ्यात आडवा ठेवला. बघा एकदाचं, अशा थाटात. लक्ष्मीबाईंनी हात पदराला पुसले. त्यांचं आयुष्य फुलंब्रीजवळच्या शेतावर गेलं होतं आणि कुंभाराकडचे माठ त्यांनी चाळीस वर्षं वाजवून घेतले होते. त्यांनी बोटातल्या अंगठीनं नळीवर ठोकलं. खाली, मध्ये, वर. मग परत वर. मग कान जवळ नेऊन परत.

"हे बद्द वाजतंय रे," त्या म्हणाल्या.

"आई, तुला काय..."

"मला सायकलीतलं नाही कळत. फुटकं कळतं."

सुदर्शननं नळी उचलली. ती रेघ अंगठ्याखाली येईल अशी त्यानं धरली आणि दोन्ही हातांनी दाबली, काठी मोडावी तशी. रेघेला तोंड फुटलं. आतले काळे धागे दिसले.

टक्.

दीड महिना घाटाघाटात त्याच्या मागे लागलेला तो आवाज आता त्याच्या हातात होता. त्यानं हात सैल सोडले, तशी भेग मिटली. पुन्हा दाबायचं धाडस त्याला झालं नाही. तो खाली बसला.

"चौक्याचा उतार किती वेगानं उतरतोस तू?" मोनिकानं विचारलं.

मग तिनंच जाऊन सायकलीवरच्या बाटल्या काढल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ओतल्या.

चहा झाला. राजाबाईनं कप दोन्ही हातांनी धरला होता. तळव्यांच्या रेघांत ऑइल बसलेलं होतं, ते इथं पांढऱ्या कपावर जास्तच दिसत होतं. सुदर्शन कधीचा नळीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मी फोन बघितला होता तुमचा. मुद्दाम उचलला नाही."

"असू द्या."

"तुम्ही आला नसता तर..."

"आले ना," राजाबाई म्हणाली आणि उठली.

त्यानं गाडीनं सोडतो म्हटलं. तिनं नको म्हटलं. मग तो फाटकापर्यंत आला आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

मोठ्या रस्त्यावर तिला मुकुंदवाडीकडे जाणारी शेअर रिक्षा मिळाली. मागच्या सीटवर अगोदरच दोघी होत्या. कडेची बाई बाजारातून आली असावी. मांडीवर पिशवी, पायाशी दुसरी. सूर्य मावळायला आला होता आणि सगळं ऊन मागून रिक्षात शिरत होतं. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्या बाईनं सहज विचारलं, "कुठं जाऊन आल्या बाई?"

"एकाला एक गोष्ट सांगायची व्हती."

"मग? ऐकलं का त्यानं?"

राजाबाईनं होकारार्थी मान हलवली. तिनं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं. खांदे हलू लागले, तसा तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

त्या बाईनं पायाशी ठेवलेली पिशवीही उचलून मांडीवर घेतली आणि शेजारणीला कोपरानं खुणावलं. दोघीही थोड्या आत सरकल्या.