अरूकेच्या पायातला दोरा

नवऱ्याला सोडून आलेली बाई शुभकार्यात मागेच बरी, असं आमच्या गावात कुणी तोंडावर म्हणत नाही. नुसतं चहाच्या समोवारापाशी बसवतात. धाकटी भाची अरूके चालायला लागली, त्या समारंभातही मी चहाच ओतत होते.

चालू लागलेल्या बाळाच्या पायांना आम्ही काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतो. गावातली पोरं लांबून पळत येतात आणि पहिलं येईल त्यानं तो कापायचा. कापणाऱ्याचा स्वभाव बाळाला लागतो म्हणतात. त्यामुळे कुणाचं रडकं पोर पुढे दिसलं, की बाळाच्या आईच्या काळजाचं पाणी होतं.

माझा भाऊ कुबात आणि भावजय नुरझात वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. "बापाला सांग, मीठ संपलंय." "आईला सांग, दिसतंय मला." निरोप पोचवायला अरूकेची नऊ वर्षांची थोरली बहीण, सायकाल. मी एकदा म्हटलं, "अरे, त्यापेक्षा वेगळे व्हा!" तर कुबात म्हणाला, "तुझ्यासारखे?"

शर्यतीत सायकाल अनवाणी पळाली आणि पहिली आली. "बरं झालं बाई, धाकटीही अशीच शहाणी निपजेल!" बायका ओरडल्या. माझ्या आईनं सुरी तिच्या हातात दिली. पोरगी वाकली, दोऱ्याला पातं लावलं आणि तशीच उठली.

"मी नाही कापणार."

"अगं, मग जीव तोडून धावलीस कशाला?" आईनं विचारलं.

"सुरी आत्याला द्यायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातातला पेला भरून वाहत होता.

"नवरा सोडलेलीला?" आई पुटपुटली.

"आत्या एकटी असते, पण मोठ्यानं हसते," सायकाल म्हणाली. "अरूके माझ्यासारखी झाली तर? बाबांची गाडी आली की तीही खेळ टाकून उठेल. जेवताना दोघांच्या तोंडाकडे बघत बसेल. मला नाही व्हायला हवी ती शहाणी."

मी पन्नाशीची बाई, पण त्या वीतभर पोरीपुढे मला माझं सगळं धाडस फिकं वाटलं. मी स्वतःसाठी पळाले होते. ही दुसऱ्यासाठी धावली होती.

नुरझात नवऱ्याकडे वळली. वर्षात पहिल्यांदा.

"ऐकलंत? हिच्यासाठीच राहिलो ना आपण एकत्र?"

कुबातनं टोपी काढून हातात घेतली.

"ऐकलं," तो म्हणाला. "नको आता असं एकत्र राहणं. ताई, काप तू."

सायकालच्या हातून सुरी घेऊन मी गुडघ्यांवर बसले. नुरझातनं माझ्या हातावर आपला हात ठेवला. दोरा तुटला. अरूके तुरुतुरु पळाली आणि सगळे तिच्याकडे बघत टाळ्या पिटायला लागले. मी सायकालकडेच बघत होते. एवढ्या लोकांत मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.